मुक्तेश्वरच्या माथ्यावर

पुण्याहून मुक्तेश्वरला काम घेऊन जाणारे आम्ही काही पहिले नव्हे. 9 डिसेंबर 1889 ला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे ज्याचं पुढे सीओईपी झालं तिथे, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. जनावरांच्या साथींवर तिथे संशोधन व्हायचं होतं, आणि त्या काळातली सगळ्यात भयंकर साथ होती बुळकांडी. ती गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. असला रोग भर शहरात हाताळणं धोक्याचं, त्यात पुण्याचा उन्हाळा. थंड हवेची आणि माणसांपासून लांबची जागा हवी होती. म्हणून 1893 मध्ये ही प्रयोगशाळा उत्तराखंडातल्या कुमाऊँ भागात, मुक्तेश्वरच्या डोंगरमाथ्यावर नेली, समुद्रसपाटीपासून जवळपास 2,285 मीटरवर. रेल्वे तेव्हा काठगोदामपर्यंतच जायची (आजही तिथेच संपते) आणि पुढचा सगळा चढ घोड्यांवर नि हमालांच्या पाठीवर. 1897 मध्ये रॉबर्ट कॉख हे रोगजंतूंचे मोठे जर्मन शास्त्रज्ञ इथे येऊन गेले. पुढे या प्रयोगशाळेचं मुख्यालय बरेलीजवळच्या इज्जतनगरला गेलं, पण मुक्तेश्वरचं केंद्र अजून चालू आहे. बुळकांडी जगातून गेली असं 2011 मध्ये जाहीर झालं, त्यात या माथ्यावरच्या कामाचा वाटा आहे. मला हे वाचून अभिमान वाटला, आणि तो अजून वाटतो.

आम्ही गेलो ते 2024 च्या एप्रिलअखेरीस. सहाजण: दोघं सॉफ्टवेअरवाले, एक सीए मैत्रीण, एक आर्किटेक्ट, एक मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारी मैत्रीण, आणि संपादनाची कामं घेणारी मी. ‘वर्केशन’ हा शब्द आमच्यापैकी कुणालाच आवडत नाही, पण केलं ते तेच. भटेलियाच्या बाजारापासून खाली उतरणाऱ्या वाटेवर एका कुटुंबाचं दुमजली घर आहे, पाथरांच्या, म्हणजे दगडी पाट्यांच्या छपराचं. वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खाली घरचे राहत होते. घरधनी आमच्यापेक्षा मोठे म्हणून त्यांना आम्ही ‘दाज्यू’ म्हणायचो, त्यांच्या बायकोला ‘बोज्यू’. त्यांची आई सगळ्यांची ‘आमा’. नववीतली मुलगी शाळेतून आली की आमच्या जिन्यात बसून गृहपाठ करायची, कारण तिथे वायफाय सगळ्यात चांगलं लागायचं.

फिरायला गेलेल्या माणसाचा दिवस त्याच्या हातात असतो. सकाळी चौली की जालीचा कडा, दुपारी शिवाचं देऊळ, संध्याकाळी परत. आमचे दिवस मात्र पुण्या-मुंबईच्या हातात होते. दहा ते सहा खिडकीपाशी बसायचं, वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी किती उरली ते बघायचं, फोन करायचा तर अंगणातल्या आडूच्या (पीचच्या) झाडाखाली जायचं. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा आमच्यातला एकजण रात्री दोनपर्यंत जागा असायचा, आणि अंधार पडल्यावर पायवाटेवर जायचं नाही हे दाज्यूंनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिकडे बिबट्यालाही ‘बाघ’च म्हणतात, आणि शेजारच्या घरातला कुत्रा बाघाने हल्लीच नेला होता. एका जागी असं बांधलेलं राहिल्यामुळे आम्हाला जे दिसलं ते फिरून दिसलं नसतं, हे माझं ठाम मत आहे. रस्त्यावरून पाण्याचा टँकर चढताना कसा आवाज करतो, दुपारी कुठल्या वळणावर बायका गवताचे भारे टेकवतात, शाळा किती वाजता सुटते, कुठल्या घराचा दिवा रात्रभर जळतो, ही माहिती बसून राहणाऱ्यालाच मिळते.

शिखरं दिसलीच नाहीत. मुक्तेश्वरहून नंदादेवी दिसते, 7,816 मीटरची, त्रिशूल दिसतं, स्वच्छ हवेत पंचचुलीपर्यंतची रांग दिसते. आम्हाला दिसला धूर. त्या वर्षी नैनीताल जिल्ह्यातली जंगलं पेटली होती. भीमतालच्या तलावातून हवाई दलाचं हेलिकॉप्टर मोठी बादली भरून नेत होतं आणि आगीवर ओतत होतं. चीडची, म्हणजे पाइनची झाडं उन्हाळ्यात सुयांसारखी पानं गाळतात. त्यांना इकडे पिरुल म्हणतात. त्या थरावर ठिणगी पडली की आग वाऱ्याच्या वेगाने डोंगर चढते. बांजाच्या, म्हणजे ओकच्या जंगलात असं सहसा होत नाही. बांजाचा पाचोळा ओल धरून ठेवतो. प्रयोगशाळेच्या हद्दीत बांज आणि देवदाराचं दाट जंगल आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रोगराई बाहेर जाऊ नये म्हणून राखलेलं ते अंतर आज या माथ्यावरची सगळ्यात गार आणि ओली जागा आहे. संध्याकाळी काम संपलं की आम्ही तिकडेच चालायला जायचो. बाहेर घशात राख आणि आत मातीचा वास.

एका रविवारी आम्ही मटार तोडायला गेलो. एप्रिल-मे म्हणजे तिथे मटारचा हंगाम. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, एकेक खाचर आठ-दहा पावलं रुंद. बोज्यू आणि त्यांच्या जावा भराभर तोडत पुढे जात होत्या, आम्ही मागे. शेंग ओढायची नाही, देठापाशी नख लावून मोडायची, नाहीतर वेल उपटून येतो आणि मागच्या फुलांचं नुकसान होतं. हे बोज्यूंनी प्रत्येकाच्या हाताला हात लावून शिकवलं. भरलेली पोती वरच्या रस्त्यापर्यंत डोक्यावरून न्यायची. तिथून संध्याकाळी पिकअप हल्द्वानीच्या मंडीला जायची. दाज्यू रात्री उशिरा फोनवर भाव विचारत होते. पोत्याचं भाडं, आडत, हमाली वजा जाता हातात काय उरतं ते त्यांनी आमच्या सीए मैत्रिणीपुढे वहीत मांडलं. तिने वही वाचली, कॅलक्युलेटर बाजूला ठेवला आणि म्हणाली, “दाज्यू, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा बरोबर मांडलंय.” आकडा चांगला नव्हता. वरचा मजला भाड्याने देण्यामागचं कारण त्या वहीत होतं.

त्या रात्री आम्ही कुळथाचं पिठलं केलं. कुळीथ त्यांच्याकडे घरोघर असतात, गहत म्हणतात, थंडीत डाळ करतात. नाचणीही असते, मडुवा, त्याची काळपट जाड भाकरी. आमाने पिठल्यात बोट बुडवून चाखलं आणि वरून भांगेच्या बियांची चटणी घातली. चव इतकी जमून आली की मी घरी आता तसंच करते, फक्त चटणी तिळाची. मे सुरू झाल्यावर रस्त्याच्या कडेला पोरं काफळं, म्हणजे तिकडची लहान रानफळं, विकायला बसली, मीठ लावून. दिवसभर एक पक्षी चार सुरांत ओरडत असायचा. तिकडे म्हणतात की तो ‘काफल पाको, मैं नि चाखो’ म्हणतो. उन्हात सुकून कमी दिसणाऱ्या काफळांवरून आईने लेकीवर आळ घेतला, लेक गेली, मग संध्याकाळी पाऊस पडून टोपली पुन्हा भरली, अशी त्याची गोष्ट आहे. आपल्याकडे ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा ऐकत वाढलेल्या माणसाला हा आवाज लगेच जवळचा वाटतो. माझ्या एका मीटिंगमध्ये पुण्याच्या बाईंनी मुद्दा मध्येच थांबवून विचारलं, “तो पक्षी कुठला गं?” आणि मग दहा मिनिटं कामाचं कुणीच बोललं नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

घराखाली एक नौला आहे. कुमाऊँत झऱ्याच्या पाण्याभोवती दगडी कुंड बांधतात, वर दगडाचं ठेंगणं छप्पर, आत शिरायला वाकावं लागतं. कुंडाच्या पायऱ्या आत आत निमुळत्या होत जातात, तळाशी पाणी. मागच्या भिंतीत एक झिजलेली मूर्ती, बहुधा विष्णूची, कुंकू लावलेली. नवी नवरी घरात आली की तिला पहिल्यांदा नौल्याच्या पूजेला नेतात. मी पहिल्यांदा आत वाकले तेव्हा बाहेरच्या झळेनंतर तोंडावर गार हवा आली, आणि दिसलं की फक्त खालच्या दोन पायऱ्या पाण्यात आहेत. दाज्यूंची मुलगी वाटीने पाणी उचलून कॅनमध्ये भरत होती. वाटी बुडवायची तर तिरपी धरावी लागत होती, इतकं उथळ. ती थांबायची, पाणी पुन्हा जमेपर्यंत. शाळेला निघण्याआधी तिला दोन कॅन भरायचे असायचे. नळ होता, पण उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ. वरच्या मजल्याच्या टाकीत पडायचं ते पाणी टँकरचं, विकतचं. आम्ही त्याच दिवशी ठरवलं: माणशी एक बादली, कपडे पाऊस आल्यावर. दाज्यूंना संकोच झाला. म्हणाले, पाहुण्यांनी असं करायचं नसतं. आम्ही म्हटलं, आम्ही भाडेकरू आहोत.

या डोंगरावर पाऊस पडत नाही असं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये मुक्तेश्वरच्या वेधशाळेत 24 तासांत 340.8 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. 1897 पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस एका दिवसात कधी नव्हता. दरडी कोसळल्या, माणसं गेली. आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच गाव टँकरच्या रांगेत. पाणी पडतं, पण मुरत नाही. कोसळून निघून जातं. 2018 च्या नीती आयोगाच्या अहवालात हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटले किंवा हंगामी झाले असं म्हटलं आहे. हिमालय म्हटलं की आपल्याला बर्फ आणि गंगा आठवते, पण मधल्या उंचीवरची ही गावं बर्फाच्या पाण्यावर जगत नाहीत. नदी खाली दरीत असते, हजार-दीड हजार फूट. गाव जगतं झऱ्यावर, आणि झरा जगतो माथ्यावर मुरलेल्या पावसावर.

मुरणं कसं होतं ते मला वन पंचायतीच्या सरपंचबाईंनी समजावलं. वन पंचायत म्हणजे गावाने राखायचं गावाचं जंगल. कुमाऊँत 1921 मध्ये इंग्रजांच्या जंगलबंदीविरुद्ध लोकांनी सरकारी जंगलं पेटवली, त्यानंतर सरकारला लोकांचं म्हणणं ऐकावं लागलं आणि 1931 मध्ये वन पंचायतींचे नियम आले. सरपंचबाई पन्नाशीच्या, हातात कोयता, बोलणं झपाझप. आम्हाला त्या नौल्याच्या वर घेऊन गेल्या, चढत चढत पार माथ्याखालच्या उतारापर्यंत. तिथे समतल चर खणलेले होते, ओळीने. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात खणतात तसेच. फरक एवढाच की खडक वेगळा. आपला बेसॉल्ट साधारण आडवा पसरलेला, इकडचे थर घड्या पडलेले, तिरपे कललेले. पाणी थरांच्या कलाने नि भेगांमधून चालतं. त्यामुळे एका गावाच्या झऱ्याचं पाणी कधी कधी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत मुरत असतं. झऱ्याच्या डोक्यावर चर खणून भागत नाही, आधी थर कुठे कलले आहेत ते वाचावं लागतं.

आणि हे वाचण्याच्या कामात पुणं पुन्हा आहे. पुण्याची ॲक्वाडॅम ही भूजलावर काम करणारी संस्था हिमालयातल्या संस्थांबरोबर झऱ्यांचा अभ्यास करत आली आहे, त्यात मुक्तेश्वरच्या परिसरात 1987 पासून असलेली चिरागही आहे. भूवैज्ञानिकांनी गावच्या बाया-पोरांना खडकाचा कल मोजायला, झऱ्याचं पाणी बादली नि घड्याळ घेऊन मोजायला शिकवावं, मग त्यांनी चर कुठे ते ठरवावं, ही रीत मला फार मोलाची वाटते. प्रयोगशाळा इथली थंडी वापरायला आली होती. या लोकांनी इथल्या माणसांच्या हातात काही ठेवलं.

माथ्याकडे पाठ करून उभं राहिल्यावर मला जे कळलं ते असं. जिथून शिखरं दिसतात आणि जिथे पाऊस मुरतो, ती जमीन एकच आहे. डोंगरमाथा. दिल्लीहून, गुरगावहून, आणि हो, मुंबई-पुण्याहून येणारा माणूस ‘व्ह्यू’ मागतो, म्हणून माथ्यावरच्या जमिनीला भाव. तिथे प्लॉट पडतात, बांज तोडला जातो, गाड्यांसाठी फरशा, घराखाली काँक्रीट. त्याच्या पाचशे फूट खाली एका मुलीच्या वाटीत पाणी यायला आणखी वेळ लागतो. या दोन गोष्टींच्या मध्ये खडक असल्यामुळे त्यांचा संबंध कुणाला दिसत नाही.

आमच्यातल्या आर्किटेक्टला तिथे जागा घ्यायची होती. एक एजंट त्याला दाखवूनही आला होता. तेव्हा बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय 250 चौरस मीटरपर्यंत जमीन घेता यायची. जेवणं झाल्यावर यावरून आमचं जोरात वाजलं, रोज. त्याचं म्हणणं, मी घर बांधलं तर ते दगड-मातीचं, छपराचं पाणी साठवणारं, शोषखड्डे असलेलं बांधेन. मी नाही घेतली तर ती जागा कुणीतरी हॉटेलवाला घेईल. हा मुद्दा पोकळ नाही. माझं म्हणणं, वर्षातले तीन आठवडे राहण्यासाठी डोंगराचा तुकडा कायमचा झाकायचा हक्क आपल्याला नाही, भाड्याने राहा, तेच पैसे दाज्यूंच्या वहीत जाऊ देत. सीए मैत्रीण माझ्या बाजूने, सॉफ्टवेअरवाले त्याच्या. चित्रकार मैत्रीण म्हणाली, सरपंचबाईंना विचारा. त्याने खरंच विचारलं. प्लॉटचा नकाशा मोबाइलवर दाखवून, तिथलं पाणी कुणीकडे उतरतं म्हणून. त्यांनी नकाशा नीट पाहिलाही नाही. “अरे भुला, वो तो सीधा हमारे नौले के ऊपर है.” (भुला म्हणजे धाकटा भाऊ.)

त्याने तो प्लॉट सोडला. मुद्दा मात्र सोडला नाही. 2025 मध्ये उत्तराखंडने कायदा कडक केला, हरिद्वार आणि उधमसिंह नगर वगळता बाकीच्या 11 जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची नि बागायतीची जमीन विकत घेणं बंद झालं, तेव्हा मी त्याला बातमी पाठवली. त्याचं उत्तर आलं की कायद्याने बाहेरचा माणूस थांबेल, काँक्रीट थांबेल का ते बघू. यावरही त्याचं म्हणणं मला टाकून देता येत नाही. माथ्यावर हॉटेल बांधणारे सगळेच बाहेरचे नसतात.

मे महिन्यात पाऊस आला, आग बसली, कपडे धुतले गेले. त्या पावसात आर्किटेक्ट दाज्यूंच्या छपराखाली टेप घेऊन उभा होता. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एका सरीत वरच्या मजल्याची टाकी भरते. पाथरांच्या छपराला पन्हळ बसवणं अवघड, कडा वेड्यावाकड्या असतात. त्याने पत्र्याची रुंद पन्हळ, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढणारा पाइप, गोठ्यामागे दगडी टाकं असं सगळं कागदावर काढलं. त्याच्या फीसाठी आमाने त्याला मडुव्याच्या पिठाची पिशवी दिली आणि त्याने ती घेतली. थंडीत दाज्यूंनी टाकं बांधून घेतलं, खर्च आम्ही सहाजणांनी पुढच्या मुक्कामाचं भाडं म्हणून आगाऊ दिला.

तो मुक्काम आम्ही जूनच्या सुरुवातीला धरला आहे. तेव्हाही शिखरं दिसण्याची फारशी खात्री नसते, पण पावसाळ्यापूर्वी चरांमधला गाळ नि पिरुल काढायचा तो काळ, आणि सरपंचबाईंनी सांगून ठेवलंय की शनिवारी सुट्टी असलेले जितके हात येतील तितके हवे आहेत. अमेरिकेच्या वेळेवाल्याने त्यासाठी रजा टाकली आहे.